भाऊजींची गाडी आणि धानाचा काटा

वजनाचा इतका राग असलेला माणूस साऱ्या झाडीपट्टीत दुसरा सापडायचा नाही, आणि त्याचा धंदा मात्र वजनावरच चालतो. हे माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. नागभीडजवळ त्यांची धानाची गिरणी आहे. गिरणीचं छप्पर गळत असताना त्यांनी बॅटरीवर चालणारी लांबलचक पांढरी गाडी घेतली आणि त्या दिवसापासून ते आमचे राहिले नाहीत. मोबाइलवर परदेशातल्या शर्यती बघत बसतात. दोन गाड्या, सरळ रस्ता, पाव मैल, खेळ खलास. "वळण नाई, काई नाई, निस्तं सुटनं," असं ते चारचौघांत डोळे मिटून म्हणतात, तेव्हा मला लाज वाटून मी दुसरीकडे बघतो.

सुटण्याचं हे शास्त्र ते भेटेल त्याला ऐकवतात. बॅटरी गच्च भरलेली पाहिजे, अर्धी झाली की जोर उतरतो. ती थंडही नको, म्हणून हिवाळ्यात ते आधी गावाला चकरा मारून तिला तापवतात. लोकांना वाटतं, भाऊजी निवडणुकीला उभे राहणार. टायरमध्ये हवा जास्त झाली तर पकड जाते, कमी झाली तर गाडी ओढल्यासारखी चालते. गिरणीसमोरच्या सिमेंटच्या रस्त्यावर धान वाळत घालतात, तिथं एकदा त्यांनी पाय दाबला. चाकं जागच्या जागी फिरली आणि रस्त्यावर उरलेलं धान मागे उभ्या असलेल्या व्याह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडालं. माफी मी मागितली. भाऊजी एवढंच म्हणाले, "पकड नाई भेटली."

पण त्यांचा खरा वैरी वजन. गाडीतल्या चटया गेल्या, पाण्याच्या बाटल्या गेल्या, समोरचा गणपती उतरून देव्हाऱ्यात गेला. मला त्यांनी एकदा चपला काढून बसवलं होतं.

मग गडचिरोलीच्या एका लग्नाला निघायचा दिवस आला. ताई नवी साडी नेसून मागे बसली, मी अजून गाडीबाहेर उभा. भाऊजींच्या डोक्यात आलं, एका माणसाच्या वजनानं गाडी किती मंदावते ते बघू. त्यांनी गाडी सरळ धरमकाट्यावर चढवली, जिथं धानाचे ट्रॅक्टर चढतात. आता गिरणीची रीत अशी, की वजन मोठ्यानं पुकारायचं, म्हणजे शेतकऱ्यानंही ऐकावं आणि कुणी फसू नये. काटेवाल्यानं "भरलेली" म्हणून आकडा पुकारला. भाऊजींनी ताईला उतरवलं. त्यानं "खाली", म्हणजे रिकामी, म्हणून पुकारला. मग वर्षानुवर्षांच्या सवयीनं वजाबाकी करून तो ओरडला, "निव्वळ माल," आणि पुढचा आकडा. तो मी इथं लिहीत नाही. अंगणात धान घेऊन आलेले शेतकरी बसले होते. त्यातला एक म्हातारा, तोही सवयीनंच, म्हणाला, "काटा बरोबर हाये न बाप्पा?"

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. काटेवाला पुटपुटला, "मी त रोजच्यासारखाच बोललो, मालक." भाऊजींचा चेहरा कोंड्यासारखा झाला. माझी मान वर होईना. ताईनं पदर सावरला आणि हळूच म्हणाली, "माल एसटीनं जाते जी. तुमी पळवा गाडी."

ती चालत फाट्यावर गेली आणि तेव्हापासून त्या गाडीत बसली नाही. चटया परत आल्या, गणपती परत आला. भाऊजी उंबरठ्यावर उभे राहून म्हणतात, "मी चुकलो, असं म्हनून राह्यलो न. अजून का करू?" ताई त्यांचं ताट वाढते. तिनं पुन्हा गाडीत बसावं, याखेरीज त्या माणसाला आता काहीच नको आहे.

ती एसटीनं निघाली की भाऊजी गाडी घेऊन मागे निघतात. परवा मी त्यांच्या शेजारी होतो. आरमोरीच्या पुढं सरळ रस्ता, कोरडा, रिकामा. बॅटरी भरलेली, तापलेली, टायरमधली हवा नेमकी. एसटी मात्र डुगडुगत चाललेली आणि प्रत्येक थांब्यावर आम्हीही थांबत होतो.

"भाऊजी, रस्ता मोकळा हाये. काढा न समोर," मी म्हणालो.

"समोर जाऊन का करू? थे त या एसटीत बसली हाये."

एसटीच्या मागच्या काचेतून ताईचा अंबाडा दिसत होता. मागं बसलं की तिला मळमळतं, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. तरी हल्ली ती मागच्याच बाकावर बसते.