स्पेनच्या नाण्यावरचं पोर

नाणी जमवणाऱ्या मित्रांनो, आज सकाळी जे झालं ते वाचून तुम्हालाही माझ्यासारखंच कसंतरी होईल.

स्पेनचं चांदीचं नाणं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. खूप वर्षं शोधत होतो. रविवारी ठाण्यातल्या एका संग्राहकाकडून मिळालं. इतक्या वर्षांत त्यावर सुंदर काळी झाक चढलेली. आपल्या छंदात तीच खरी शोभा, तिला हात लावायचा नसतो.

डोंबिवलीला घरी आणून मी ते टेबलावर ठेवलेलं. आज आईने देवाची भांडी घासायला काढली आणि त्यांच्यासोबत रांगोळी लावून हेही घासलं. नाणं लख्ख, वर बारीक ओरखडे.

"आई, अगं काय केलंस हे?" माझा आवाज चढला.

"चांदीचं ना ते? आणि एवढ्याशा पोराचा चेहरा असा काळा कसा ठेवायचा?" ती म्हणाली. "कोण रे हा?"

"तिथला राजा. वडील जन्माआधीच वारले, म्हणून जन्मला तोच राजा झाला."

"म्हणजे बापाने तोंडच बघितलं नाही त्याचं," असं म्हणत तिने नाणं पदराला पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

मी साल तपासलेलं, झाक भिंगातून पाहिलेली. चेहरा आज पहिल्यांदा नीट पाहिला. खरंच कोवळा आहे. मिसरूडही फुटलेलं नाही.

तुमच्या संग्रहातल्या एखाद्या नाण्यावरचा चेहरा तुम्हाला आठवतो का? डबा न उघडता सांगा.