हिराकाकीचा पांगारा आणि माझा बहावा

हिराकाकी कुणाच्या घरी पहिल्यांदा गेली की चहापाणी नंतर, आधी घरच्या बाईला विचारायची, "तू बसतेस कुठं?" म्हणजे तांदूळ निवडायला, भाजी चिरायला, दुपारी जरा टेकायला. बाईनं जागा दाखवली की काकी लुगडं सावरून स्वतः तिथं बसायची, बाहेर बघायची आणि बोट दाखवून सांगायची, तिथं झाड लाव. कुठलं लावायचं तेही सांगायची. टेमघरातल्या निम्म्या अंगणांतली झाडं तिनं अशी बसून ठरवली होती.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास लग्न होऊन मी कल्याणहून भिवंडीच्या टेमघर भागात आले, तेव्हा ही काकी माझी शेजारीण झाली. मधे फक्त मेंदीचं कुंपण. तिच्या फाटकापाशी पांगारा होता. माघ सरता सरता त्याची पानं झडायची आणि उघड्या फांद्यांवर लालभडक फुलं यायची. वर साळुंक्यांची आणि कावळ्यांची झुंबड. आमच्याकडे लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कापसाची बारीक धूळ झाडांच्या पानांवर बसते. आंबा असो की जांभूळ, उन्हाळ्यात सगळे राखाडी. पांगाऱ्याला तेव्हा पानच नसायचं, म्हणून तो एकटा लखलखीत. काकीनं हे ओळखूनच तो लावला होता. "पान न्हाय, तर कापूस बसंल कशावर?" असं ती म्हणायची आणि ऐकणारे माना डोलवायचे. माझं मात्र पित्त खवळायचं.

खवळणार नाही तर काय? आमच्या घराला स्वतःचं नावच उरलं नव्हतं. शिफ्ट सुटली की लूमवरचे कामगार पांगाऱ्याखाली विडी ओढायला थांबत. कुणी आमचा पत्ता विचारला तर सांगत, लाल पेड के बाजूवाला घर. माझी सख्खी बहीण पहिल्यांदा आली ती असंच विचारत विचारत, आणि माझ्या दारात उभी राहून पांगाऱ्याचंच कौतुक करत बसली. आमचे हे सकाळचा चहा घ्यायला ओट्यावर बसायचे तेही तिकडे तोंड करून. मी बोलून दाखवलं तर म्हणायचे, अगं, झाड आहे ते, बाई नाही. मी मनात म्हणायची, बाई असती तर बघून घेतलं असतं.

शेवटी मी ठरवलं, आपणही झाड लावायचं, असं की रस्त्यावरच्या माणसानं आधी आमच्याकडे बघावं. मी काकीला बोलावलं नव्हतं, पण कुदळीचा आवाज ऐकून ती आलीच. तिचा नेहमीचा प्रश्न झाला. मी बसते स्वयंपाकघराच्या मागच्या दारात. काकी तिथं उंबऱ्यावर जाऊन बसली, मागच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हितं लाव गो. झाड बसणारीला दिसाया पायजे. रस्त्याला काय करायचंय?"

मला लगेच तिचा डाव कळला. स्वतःचं झाड रस्त्यावर मिरवायचं आणि माझं मोरीमागं लपवायचं! मी होय होय म्हटलं आणि ती गेल्यावर पुढच्या कोपऱ्यात, तिच्या कुंपणाला खेटून, बहावा लावला. लालाच्या शेजारी पिवळाच उठून दिसेल असं माझं गणित होतं.

बहावा भारी सावकाश वाढणारा. काकीनं जागा बदललेली पाहिली. तरी रोज तांदळाचं धुवण कुंपणावरून त्याच्या बुंध्याशी ओतायची. मला तेही खपायचं नाही. उद्या झाड फुललं तर श्रेय हिलाच जायचं.

पुढे काही वर्षांनी काकी न्हाणीघरात घसरून पडली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. वारा यावा म्हणून सुनेनं तिची खाट आमच्या बाजूच्या खोलीत, खिडकीशी लावली. त्याच चैत्रात माझा बहावा पहिल्यांदा भरभरून फुलला. मी तिच्या समाचाराला गेले खरी, पण मला ऐकायचं होतं ते बहाव्याबद्दल.

खोलीत शिरले आणि थबकलेच. अख्ख्या खिडकीत माझा बहावा होता. वरपासून खालपर्यंत पिवळे घोस लोंबत होते, मधे आकाशालासुद्धा जागा नव्हती. आमच्या ओट्यावर पत्र्याची पडवी आहे. घरातून मला दिसायचा नुसता बुंधा आणि अंगणातून झाडून काढायच्या पाकळ्या. झाड असं आहे हे मी तोवर पाहिलंच नव्हतं.

"माजा पांगारा हितून दिसत न्हाय गो," काकी म्हणाली. "सगल्यांच्या जागेवर बसून बघितलं, आपली खाट कुठं पडंल ते बघायचं ऱ्हायलं. तुजा दिसतो. लय देखणा हाय."

हेच ऐकायला मी इतकी वर्षं टपले होते. ऐकलं, आणि खिडकीकडेच बघत उभी राहिले. काकीनं पाय जरा सरकवले आणि खाटेच्या कडेला मला जागा केली. मी बसले. मग रोज दुपारी जाऊन बसू लागले, माझंच झाड बघायला.

वैशाखात, बहर ओसरायच्या आत, काकी गेली. त्या खोलीत आता भाडेकरू राहतात. उठून कुणाच्या खिडकीशी जाऊन बसणार? बहावा दर वर्षी फुलतो. पण सकाळी डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत त्याला पाहिलं ते एकट्या हिराकाकीनं. मेलीचा मला अजून हेवा वाटतो.