तेवीस नंबरची कॅसेट

फरिदाच्या तोंडून कोणाबद्दल वाईट ऐकलेला माणूस रेवदंड्याच्या मोहल्ल्यात शोधूनही सापडला नसता. तिची मोठी नणंद, मुरूडची हफ्साआपा, तर आपल्या दोन्ही सुनांना उठता-बसता तिचा दाखला द्यायची. इतकी वर्षं झाली, माझ्या भावजयीने माझ्याबद्दल वाकडा शब्द काढला नाही, असं ती ज्याला त्याला सांगायची. सुना बिचाऱ्या मुकाट ऐकून घेत.

आता खरं सांगायचं तर फरिदाही माणूसच होती आणि रागही तिला भरपूर यायचा. पण तिच्याकडे एक सोय होती. नवरा जलील मस्कतला एसी दुरुस्त करायचा, आणि पत्र लिहायचा तिला मनस्वी कंटाळा. त्या दिवसांत पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची रीत होती. टेपरेकॉर्डरची दोन बटणं एकदम दाबायची, बोलायचं, आणि मस्कतला निघालेल्या कोणाच्या तरी बॅगेत कॅसेट सारायची. फरिदा सलाम करून, सगळी खुशाली सांगून सुरुवात करायची, आणि पाचव्या मिनिटाला मोहल्ल्यातल्या एकेकीची सालं काढायला घ्यायची. अशा एकेचाळीस कॅसेटा तिने भरल्या. सगळं कडू समुद्रापार गेलं आणि इकडे ती गोड राहिली.

जलील कायमचा परत आला तेव्हा त्या कॅसेटाही ट्रंकेतून आल्या. खाऱ्या हवेने त्यांचं वाटोळं केलं असेल अशी फरिदाची खात्री होती. पण गेल्या ईदला हफ्साआपा शिरखुर्म्याची वाटी हातात धरून म्हणाली, की अम्मीचा चेहरा डोळ्यांसमोर येतो, पण आवाज कसा होता ते काही केल्या आठवत नाही. अम्मी गेली तेव्हा जलील मस्कतलाच होता, मातीलाही पोचला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने फरिदाला न सांगता ट्रंक अलिबागला नेली आणि एका स्टुडिओवाल्याकडून सगळ्या कॅसेटा कॉम्प्युटरवर भरून घेतल्या.

फरिदाला हे कळलं ते भलत्याच रीतीने. त्यांचा मुलगा उझैर शारजाला असतो. त्याने हाताच्या पंजाएवढी एक काळी डबी पाठवली. ती हॉलमधल्या टीव्हीला जोडली की माडीवरच्या कॉम्प्युटरमध्ये जे असेल ते वायफायवरून खाली टीव्हीवर लागतं. जलील चार दिवस त्या डबीच्या मागे होता. चिऱ्याच्या भिंती जाड, त्यामुळे वायफाय जिन्यातच दम टाकायचं. टीव्हीवर ‘सर्व्हर सापडला नाही’ असं आलं की जलील माडीवर पळायचा, आणि तो वर पोचला की खाली सर्व्हर सापडायचा. अखेर त्याने राउटर जिन्याच्या कठड्याला सुतळीने बांधला. तेव्हा कुठे टीव्हीचे स्पीकर खरखरले, आणि स्वयंपाकघरात वाटण वाटणाऱ्या फरिदाला आपलाच कोवळा आवाज ऐकू आला, “अस्सलामु अलैकुम. आमी सगळी हितं खुशाल हाव.”

ती हात न धुताच बाहेर आली. रविवारी आपाला जेवायला बोलावलंय, जलीलने खुशीत सांगितलं. तेवीस नंबरच्या कॅसेटवर त्याने मस्कतमध्येच पेनने ‘अम्मी’ असं लिहून ठेवलं होतं, तीच लावायची. आपाच्या आधी आपण ऐकायची नाही, हेही त्याने ठरवून टाकलं होतं.

तेवीस नंबर. फरिदाला ती पाठ होती. त्या थंडीत हफ्साआपा चार दिवस राहायला आली आणि जाताना जलीलने पाठवलेलं वाघाच्या चित्राचं ब्लँकेट घेऊन गेली. त्यावर फरिदाने मागच्या खोलीचं दार लावून पाऊण तास तोंड सोडलं होतं. त्यात अम्मी कुठे होती ते मात्र तिला आठवेना. तिने नवऱ्याला आडून विचारलं, त्यात काय काय आहे ते आठवतं का?

“तुझा आवाज हाय,” जलील म्हणाला. “तू काय बोलायचीस ते कोणाच्या ध्यानात ऱ्हातंय? एका खोलीत आठ माणसं घोरायची, मी आवाज ऐकत पडायचो.”

यावर खूश व्हावं की चिडावं हे फरिदाला कळेना. तिने आपली चौदा नंबर लावायचं सुचवून पाहिलं, कारण त्यात नुसता लहानगा उझैर गात होता. जलीलने ऐकलं नाही. मग शुक्रवारी तो नमाजला गेल्यावर तिने राउटरचं बटण बंद केलं. त्याने परत येऊन भिंतींना शिव्या घातल्या, बटण शोधून काढलं आणि वर चिकटपट्टी लावली. शनिवारी फरिदाने दुवा मागताना रविवारची वीज जावी असंही हळूच मागून घेतलं.

रविवारी वीज जाण्याचं नाव नव्हतं. हफ्साआपा तांबूस रेशमी ओढणी घेऊन आली, तळलेल्या सुरमईला आणि सांदणांना हात लावला न लावला, आणि टीव्हीसमोर ताठ बसली. एवढी उतावीळ तिला फरिदाने कधी पाहिली नव्हती. तिला आपाची दया आली, आणि स्वतःची त्याहून जास्त. जलीलने रिमोट दाबला. खरखर, सलाम, खुशाली. मग टीव्हीतली फरिदा म्हणाली, “आता आपाचं सांगते.”

फरिदा पाण्याचं निमित्त करून उठली, जिन्यापाशी गेली, चिकटपट्टी ओढली आणि बटण बंद केलं. टीव्हीतली फरिदा थांबली नाही. डबीने सगळी कॅसेट आधीच गिळून ठेवली होती.

“आली, चार दिस ऱ्हायली, आन जाताना वाघाचं ब्लँकेट काखेत मारून गेली. इचारलं पन न्हाय. तिच्या घरात काय कमी हाय?”

जलील रिमोटची दिसतील ती बटणं दाबत सुटला. आवाज तेवढा मोठा झाला. हफ्साआपाचा चेहरा हळूहळू ओढणीच्या रंगाचा होत गेला. फरिदा जिन्याला धरून उभी राहिली. इतक्या वर्षांचं नाव आता जाणार होतं, आणि तेही स्वतःच्याच तोंडून.

तेवढ्यात टीव्हीतून दुसरा आवाज आला, लांबून, जाडा, पान चघळणारा. “गो फरिदा, मला थंडी वाजते ते सांग.”

“व्हय, सांगते. अम्मीला थंडी वाजते.”

“आन त्याला बोल, दुसरं ब्लँकेट पाठव. तिच्याकडनं मागू नको. तिला पोरं हायत.”

फरिदा चकित झाली. इतकी वर्षं तिला दार लावलेलं आठवत होतं. दार लावलेलं होतं खरं, पण अम्मी आतच होती. मशीनशी काय बोलायचं म्हणून ती कधी स्वतः बोलली नाही, फक्त पलीकडे बसून सुनेला काय सांगायचं ते सुचवत राहिली.

कॅसेट संपली. हफ्साआपा तोंडाला ओढणी लावून हलत होती, हसते की रडते ते कळत नव्हतं. दोन्ही चाललं होतं.

“परत लाव,” ती म्हणाली.

जलीलने रिमोट दाबला. ‘सर्व्हर सापडला नाही.’ त्याने पुन्हा दाबला, मग उठून चिऱ्याच्या भिंतींचा, त्या बांधणाऱ्या गवंड्याचा आणि उझैरच्या डबीचा उद्धार सुरू केला.

फरिदा जिन्याकडे वळली. तिने राउटरचं बटण चालू केलं, चिकटपट्टी चोळामोळा करून मुठीत धरली आणि येऊन आपाच्या मांडीला मांडी लावून बसली.

“आता सापडंल,” ती नवऱ्याला म्हणाली. “आन पयल्यापासून नको. मी आपाला नावं ठेवते ना, तितनं लावा. अम्मी त्याच्या मागंच हाय.”