तिसऱ्या फळीवरची बरणी

"आडनाव लिहिलेले नाही," ते म्हणाले.

माझा अर्ज त्यांच्या हातात होता. मेंदूविज्ञानातील नैतिकता, सहा दिवसांचा अभ्यासक्रम. समन्वयक तेच. तोपर्यंतचे बोलणे मराठीत झाले होते. त्यांचे घराणे इथल्या दूधविनायक मोहल्ल्यातले, कित्येक पिढ्यांचे. काशीत मराठी माणूस भेटला म्हणून त्यांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली होती.

"बसा काका. आपण मूळचे कुठले?"

भुसावळकडचे, मी म्हणालो. वडील रेल्वेत गँगमन. कामासाठी इकडे आले ते इथलेच झाले. शाळेत मास्तरांनी माझ्या नावापुढे कुमार लावले, ते तसेच राहिले.

"पण आडनाव असेलच ना?"

मी सांगितले.

ते अर्जाकडे पाहत राहिले. पुन्हा बोलले ते हिंदीत.

"देखिए, यह पढ़े-लिखे लोगों का कोर्स है।"

माझे वय एकोणसत्तर. ही वाट मला पाठ आहे. गाव, मग आडनाव, मग शांतता. भाषाही बदलते, हे मात्र प्रथमच पाहिले.

अर्हतेच्या रकान्यात मी खरे तेच लिहिले होते. बारावी. याच संस्थेच्या शवविच्छेदन विभागात एकतीस वर्षे परिचर. कवटी उघडणे, मेंदू काढणे, कवटी बंद करणे. हे काम डॉक्टरांचे, असे पुस्तकात असते. आमच्या विभागात डॉक्टर दाराशी उभे राहून टिपणे घेत. करवत माझ्या हातात असे. जाहिरातीत क्षेत्रातील अनुभव मागितला होता. वयाची अट नव्हती.

उद्देशाच्या रकान्यात एक प्रसंग लिहिला होता. तो त्यांनी वाचला नाही. येथे लिहितो.

एका तरुणाचा मेंदू डॉक्टरांनी ठेवून घेतला. घरच्यांना विचारले नाही. अशा वेळी रिकाम्या कवटीत कापूस भरायचा आणि कातडी शिवून टाकायची, ही आमची रीत. तिसऱ्या दिवशी त्याचा बाप विभागात आला. मुंडन केलेला. घाटावर चितेतली कवटी फोडायचा, कपालक्रियेचा बांबू लागताच कवटी करवतीच्या रेषेवर उघडली होती. आत कापूस जळत होता.

"भइया, हमरे लइका क दिमाग कहाँ हौ?"

बरणी माझ्या पाठीमागे होती. तिसऱ्या फळीवर. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "पता नहीं।"

त्याने मला हात जोडले आणि तो गेला.

माणूस मेल्यावर त्याचा मेंदू कोणाचा? हे मला वर्गात बसून विचारायचे होते. उद्देश इतकाच.

समन्वयकांनी अर्ज फायलीखाली सरकवला. स्वर मऊ केला.

"एक काम करो, चाचा। आख़िरी दिन आ जाना। तीसरे रैक पर जो पुराना जार है, वही दिखाना है। तुमसे अच्छा कौन सँभालेगा? नाश्ता भी कर लेना।"

तिसऱ्या फळीवर जुनी बरणी एकच आहे.

"वर्गात बसता येईल?" मी मराठीतच विचारले.

"पीछे खड़े रहना। कौन मना करता है?"

शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, "चाचा को सर्टिफिकेट चाहिए, सर। फ़ोटो वाला।"

दोघेही हसले.

अशा वेळी मी एकतीस वर्षे "जी साहब" म्हणत आलो. आताही जीभ तिकडे वळली. याच जिभेने त्या बापाला "पता नहीं" सांगितले होते. मी उठलो.

"बरणी मी उचलणार नाही. तिच्यावर क्रमांक आहे. त्या क्रमांकाचे नाव मला ठाऊक आहे. गावही ठाऊक आहे. माझ्या अर्जाचे उत्तर लेखी द्या. मराठीत द्या. तुम्हांला ती येते."

"आप तो बुरा मान गए," ते म्हणाले. तुम गेले, आप परत आले. मराठी आली नाही.

उत्तरही आलेले नाही. पुढल्या खेपेस पुन्हा अर्ज करीन. मजकूर तोच राहील. आडनाव पहिल्या ओळीत लिहीन.

त्याआधी एक काम आहे. त्या तरुणाचे गाव इथून जवळच, चंदौलीच्या बाजूला आहे. बाप नसेल तर घरचे कोणी असेल. मी खोटे बोललो, हे प्रथम सांगेन. मग बरणी कोठे आहे ते सांगेन. घरचे ती मागायला येतील तेव्हा मी त्यांच्या बाजूला उभा असेन, आणि फळी दाखवीन.