म्युरिएल कोडीचे कान

म्युरिएल कोडी नेमकं काय काम करते, हे तिच्या सख्ख्या बहिणीला, वेल्माला, तेवीस वर्षांत कळलं नाही. लोक विचारायचे, कार्टूनमध्ये आहे म्हणजे चित्रं काढते का? नाही. मग आवाज देते? छे, ती घरी तरी कुठे बोलते. मग करते तरी काय? "ऐकते," वेल्मा म्हणायची आणि विषय बदलायची.

पण खरोखरच तेवढंच होतं. ओटावात, व्हॅनिए नावाच्या वस्तीतल्या एका बोलिंगच्या हॉलच्या वरच्या मजल्यावर रेजाँ थिबोचा स्टुडिओ होता. नट संवाद बोलून घरी गेले की त्यांच्या आवाजाची फीत म्युरिएलच्या टेबलावर यायची. हेडफोन चढवून ती फीत हाताने पुढेमागे सरकवायची, आणि सेकंदाच्या चोवीस चौकटींपैकी कुठल्या चौकटीत 'म' आहे आणि कुठल्या चौकटीत 'आ', ते एका लांबलचक तक्त्यावर पेन्सिलीने लिहायची. तो तक्ता विमानाने कोरियात जायचा. तिने 'म' लिहिला की तिकडचे चित्रकार मिटलेले ओठ काढायचे, 'आ' लिहिला की उघडा जबडा. खाली दिवसभर चेंडू लागून बोलिंगच्या लाकडी बाटल्या खणाखण पडायच्या, त्या मात्र तिला ऐकू यायच्या नाहीत. नको ते न ऐकण्याचीही तिला सवय होती. तेवीस वर्षांत तिच्या तक्त्यावर कुणी खोडरबर लावला नव्हता, आणि याची तिला घमेंड होती, उगाच कशाला खोटं बोला.

त्र्याऐंशी साली रेजाँने 'डॅगबर्टचं जंगल' काढलं. डॅगबर्ट हे एक साळिंदर. शिष्ट, आळशी, आणि दर भागात कशात ना कशात अडकणारं. त्याचा आवाज डेस्मंड फार्करचा. हा डेस्मंड म्हणजे रंगभूमीवरचा माणूस. चाळीस वर्षं राजे, सेनापती आणि विष पिऊन मरणारे बाप केलेले. कॉफी मागायची तरी अशी मागायचा, की देणाऱ्याला वाटावं आपल्याला सुभेदारी मिळाली.

सातव्या भागात डॅगबर्टच्या डोक्यात बादली अडकते. लेखकाने तिथे फक्त लिहिलं होतं, 'डॅगबर्ट बादलीत काहीतरी पुटपुटतो.' आता, पुटपुटणं हे डेस्मंडच्या इभ्रतीला शोभणारं नव्हतं. तो म्हणाला, खरी बादली आणा. जिना पुसायची बादली आणली, ती त्याने डोक्यात घातली, आणि आतून मनाचंच एक वाक्य ठोकून दिलं. कुणाला काही कळलं नाही. रेजाँ म्हणाला, "झकास," कारण त्याला जेवायला जायची घाई होती.

फीत म्युरिएलकडे आली. तिने ऐकली, पुन्हा ऐकली आणि तक्त्यावर लिहिलं: 'अंड्याचं सँडविच संपलं का?'

कोरियातल्या मंडळींनी बादली नाकापर्यंतच काढली, खालचं तोंड मोकळं ठेवलं, आणि बिचाऱ्यांनी हौसेने डॅगबर्टला पोटावरून हात फिरवायला लावला. नोव्हेंबरात भाग लागला. सोमवारी शाळा उघडल्या, आणि देशभरातल्या पोरांनी त्या एका वाक्याने मास्तरांना वेड लावलं. गणिताचा पेपर वाटला की सँडविच संपलं का. चर्चमध्ये पाद्री जरा थांबला की सँडविच संपलं का. विनिपेगच्या एका मुलीने स्टुडिओला खरंखुरं सँडविच पाठवलं. ते अकरा दिवसांनी पोचलं, आणि रेजाँला वासापायी अर्ध्या मजल्याच्या खिडक्या दिवसभर उघड्या ठेवाव्या लागल्या.

टीव्हीवाल्यांचं फर्मान आलं, दर भागात हे वाक्य हवंच. डेस्मंड म्हणाला, "मी हे वाक्य म्हणणार नाही, कारण मी ते कधी म्हणालोच नाही." त्याला कोण विचारतो. रेजाँने जुना तुकडाच दर भागात चिकटवला. दोन वर्षं अशीच निघाली. डेस्मंड पावाच्या दुकानात गेला तरी पोरं मागे लागायची, आणि तो रंगभूमीवरच्या आवाजात सांगायचा, "बाळांनो, मी तसं म्हणालो नव्हतो." पोरं आणखी खूश व्हायची.

स्टुडिओत मात्र तो सरळ म्युरिएलच्या टेबलाशी यायचा. "म्युरिएलबाई, कान तपासून घ्या."

"तुम्ही जीभ तपासून घ्या," ती हेडफोन न काढता म्हणायची.

वरून ती अशी ठणठणीत, पण आतून हबकली होती. त्या वर्षी ती एकोणसाठची झाली. किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडते आणि आपल्याला पत्ता नसतो, असं दोनदा झालं होतं. वेल्मा फोनवर म्हणालीच, "तुला हल्ली ऐकू कमी येतं, म्युर."

"तू हल्ली बोलतेस पुटपुटत."

"मी ओरडतेय ग बाई."

चित्रकाराचा हात थोडा कापला तर चालून जातं, पण ऐकणारीचा कान गेला तर तिने उद्यापासून यायचं कशाला? म्हणून दोन वर्षांत तिने तो तुकडा पुन्हा एकदाही ऐकला नाही. टीव्हीवर लागला की ती भांडी घासायला उठायची.

पंच्याऐंशीच्या अखेरीस टीव्हीवाल्यांनी नवा हट्ट धरला. जुना तुकडा पुरे झाला. आता डॅगबर्टने तेच वाक्य कधी रडत, कधी चिडून, कधी प्रेमात पडून म्हणायचं, तरच आणखी सव्वीस भाग. नाहीतर मालिका बंद. रेजाँच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने डेस्मंडला बोलावलं, खुर्ची दिली, लोणी लावलं. डेस्मंड सगळं लोणी शांतपणे खाऊन म्हणाला, "एक अट. ती फीत सगळ्यांसमोर लावा. मी खरं काय बोललो ते एका माणसाला जरी ऐकू आलं, तर मी सव्वीस काय, शंभर वेळा सँडविच म्हणेन. नाही आलं, तर मी चाललो."

"पण तू बोललास काय?" रेजाँने विचारलं.

"अंधाराचं साम्राज्य संपलं का?" डेस्मंड म्हणाला.

खोलीत कुणीतरी खोकल्याचं सोंग केलं.

डेस्मंड तोंड धुवायला गेला तेवढ्यात रेजाँने सगळ्यांना दटावलं. "फीत वाजली की सगळ्यांनी 'वा, साम्राज्य' म्हणायचं. स्टुडिओचा प्रश्न आहे."

बुधवारी सकाळी एकोणीस माणसं म्युरिएलच्या टेबलाभोवती दाटीवाटीने उभी राहिली. फीत लागली. मोठ्या कर्ण्यातून ते वाक्य आलं आणि संपलं.

"वा, साम्राज्य!" जंगलाचे देखावे रंगवणाऱ्या बाया म्हणाल्या.

"अगदी स्पष्ट अंधार," हिशेबनीस म्हणाला.

डेस्मंडने एकेकाकडे पाहिलं. चाळीस वर्षं नाटकात काढलेली, त्याच्यासमोर कसलं नाटक करता. "तुम्ही सगळे," तो हळूच म्हणाला, "फार वाईट नट आहात." आणि त्याने टोपी उचलली.

त्यांचीही चूक नव्हती म्हणा. दोन वर्षं त्या हलणाऱ्या तोंडाकडे बघून त्यांच्या डोक्यात सँडविच इतकं घट्ट बसलं होतं, की दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. म्युरिएलनेच ते तोंड काढायला लावलं होतं.

तिने मात्र 'वा, साम्राज्य' म्हटलं नव्हतं. कर्ण्यातून वाजलं तेव्हा तिला एक अक्षर खटकलं होतं. दुसऱ्या शब्दात एक 'रा' होता. सँडविचमध्ये 'रा' कुठून येणार?

"थांबा जरा," ती म्हणाली.

तिने हेडफोन चढवले, डोळे मिटले आणि फीत हाताने मागे घेतली. एक चौकट पुढे, दोन मागे. 'अं' बरोबर होता. त्याच्यापुढे 'ड्या' नव्हता. 'धा' होता, चांगला पाच चौकटी लांब, मग आणखी एक 'रा'. गप्प बसणं सोपं होतं. बाकी सगळ्यांना मनातून सँडविचच ऐकू आलं होतं, डेस्मंड जिना उतरला असता, आणि म्युरिएल कोडीचा कान शाबूत राहिला असता, निदान लोकांच्या लेखी. ती आणखी पंधरा चौकटी पुढे गेली आणि तिथे थबकली.

"तुमचा दात बादलीवर आपटला होता," ती डोळे न उघडता म्हणाली. "साम्राज्यच्या 'ज्य'वर. टण् असा आवाज आहे. मला तेव्हा वाटलं खालची बाटली पडली, म्हणून सोडून दिला."

डेस्मंडचा हात आपोआप ओठावर गेला. त्याआडच्या दाताचा टवका उडाला होता, आणि हे त्याने लाजेपोटी दंतवैद्याशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं.

"अंधाराचं साम्राज्य संपलं का," म्युरिएल म्हणाली. "तेच आहे. चूक माझी आहे." मग तिला स्वतःचाच राग आला. "त्या दिवशी मी उपाशी होते. माझं अंड्याचं सँडविच फ्रिजमधून कुणीतरी खाल्लं होतं."

रेजाँ छताकडे बघायला लागला.

डेस्मंड खुर्चीवर बसला. "दोन वर्षं," तो म्हणाला, "मला वाटत होतं मला भ्रम झालाय. रात्री मी आरशासमोर म्हणून बघायचो, की बाबा, आपण नक्की काय म्हणालो होतो."

"मीही तो तुकडा ऐकायला घाबरत होते," म्युरिएल म्हणाली. असं ती कुणाशी बोलत नसे.

रेजाँने घसा साफ केला. म्युरिएल उठून पर्स आवरायला लागली, कारण चुकलेल्या कानाचं काय होतं हे तिला ठाऊक होतं.

"कुठे निघालात?" रेजाँ म्हणाला. "इथे आम्ही सगळे तुमच्या चुकीवर जगतोय. वर्षाला अशा दोन-तीन केल्यात तर मी इमारत विकत घेईन."

"नाही जमायचं," म्युरिएल म्हणाली. "पुन्हा चूक होणार नाही."

आणि झालीही नाही. डेस्मंडने दिला शब्द पाळला. ते वाक्य तो रडून म्हणाला, गाऊन म्हणाला, एकदा मरता मरता म्हणाला, आणि त्या भागाला तर बक्षीस मिळालं. म्युरिएलने वेल्माच्या धाकाने कानही तपासून घेतले. डॉक्टर म्हणाला, कान तिशीतले आहेत, किटली बदला.

पण त्या बुधवारी सगळे आपापल्या टेबलाला गेल्यावर तिने कपाटातून सातव्या भागाचा, कोरियातून परत आलेला जुना तक्ता काढला. तो आता कुणाच्या कामाचा नव्हता. चित्रं काढून झाली होती, भाग शंभर वेळा दाखवून झाला होता. तरी तिने ओठ आवळून खोडरबर घेतला, सँडविच अख्खं पुसलं, आणि त्या जागी एकेक चौकट मोजत अंधाराचं साम्राज्य लिहिलं, 'टण्'सकट. डेस्मंड तिच्या खांद्यामागे कधी येऊन उभा राहिला ते तिला कळलं नाही.

"हा मला द्याल?" त्याने विचारलं.

तिने तक्त्याची नीट गुंडाळी केली, दोरा बांधला आणि त्याच्या हातात दिली. ती गुंडाळी नेताना त्याने बसमध्ये सीटवर ठेवली नाही, घरापर्यंत दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.