समोरची भिंत

नागपूरहून रात्रभर बसमध्ये आंबलेलं अंग घेऊन कोल्हापुरात उतरले, तर मुरगूडची आत्या स्टँडवर आधीच हजर. "आधी मिसळ, मग चित्र," तिनं फर्मावलं. मिसळीचा कट (आमच्याकडची तर्री) बघून मी हसले. तिसऱ्या घासाला नाक गळू लागलं आणि नागपुरी मिजास उतरली. आत्यानं ब्रेड पुढे सरकवला.

आत्या चित्रकला शिकत होती तेव्हा तिच्या एका वर्गमित्रानं तिचं चित्र काढलं होतं. तो आता नाही. ते चित्र इथल्या छोट्या खासगी संग्रहालयात लागल्याचं तिला कळलं, पण एकटीनं जायला ती धजेना, म्हणून मला बोलावलेलं.

नांगर, मोळ्या, बैलगाड्यांच्या चित्रांमध्ये तरुणपणची आत्या मंद उजेडात टांगलेली होती. खाली पाटी : 'कष्टकरी स्त्री. थकलेली, हताश नजर.' खरं सांगते, मलाही ती हताशच दिसली.

आत्यानं पाटी दोनदा वाचली. "हताश? आगं, मी त्याचं नाक मापत हुते."

संग्रहालय सांभाळणाऱ्या ताई जवळ आल्या. "म्हणजे?"

"मॉडेल कुठलं मिळायला? त्यो माझं काढत हुता, मी त्याचं. शेतावरनं तशीच गेलते. माझ्या हातातला ब्रश त्यानं दावलाच न्हाय."

"तुम्ही काढलेलं कुठंय?"

"घरात हाय की, बुद्धाच्या तसबिरीशेजारी."

मला वाटलं, ताई मान डोलावून निघून जातील. त्यांनी विचारलं, "उद्या आणाल?"

मुरगूडपर्यंत दुतर्फा ऊस. घरी चित्र पुसताना आत्या म्हणाली, "त्याच्यापुढं माझं फिकं पडंल काय गं?" मी चित्र जुन्या साडीत गुंडाळलं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी नांगर-मोळ्या शेजारच्या खोलीत हलवल्या आणि आत्यानं काढलेला तो तरुण, हातातल्या ब्रशासकट, समोरच्या भिंतीवर लावला. दोन्हींवर सारखा उजेड. जुन्या चित्रातली एक रेघही बदलली नव्हती, तरी हताश बाई कुठे गेली कळेना. नजरेला नजर भिडवून दोघं कामात गढली होती.

नवी पाटी अजून लागायची होती. संग्रहालयात आलेली एक बाई दोन्हींकडे बघून सोबतिणीला म्हणाली, "एकमेकांची चित्रं काढत्यात बघ." आत्यानं माझा हात घट्ट धरला.

आजवर कितीतरी चित्रं पाहिली, पण समोरच्या भिंतीवर काय आहे, हे बघायचं सुचलं नव्हतं. त्या ताईंचे उपकार मी विसरणार नाही.

परतीच्या बसपाशी मी आत्याला विचारलं, "घरची भिंत ओकीबोकी दिसेल ना आता?"

"दिसंल की," ती म्हणाली. "म्हणून तर जाताना रंग आन् कॅनव्हास घ्यायचं हाईत."