शैलाताईंचा फिरता ओटा

अमरावतीच्या कोर्टात उभी हयात काढून वसंतरावांनी काळा कोट कपाटात ठेवला आणि थोड्याच दिवसांत दारात एक जुनी ट्रॅव्हलर आणून उभी केली. "आता हेच आपलं घर," ते म्हणाले. "मन रमेल तिथं मुक्काम!"

शैलाताईंनी आत डोकावलं. पलंग होता, पाण्याची टाकी होती आणि मागच्या बाजूला ओट्याची खूण आखलेली होती. अचलपूरहून लग्न होऊन आल्यापासून सासू-सासरे, दीर, वेळी-अवेळी येणारे अशील, सगळ्यांचं त्यांनी त्या एका स्वयंपाकघरात उभं राहून केलं होतं. वकिली सुटली की आपलाही ओटा सुटेल, असं त्या धरून चालल्या होत्या. पण नवऱ्याचा आनंदानं फुललेला चेहरा पाहून त्यांना नाही म्हणवेना. एवढंच म्हणाल्या, "खिडकीपाशी मला बसायला एक जागा ठेवा. बाकी तुमच्या मनासारखं करा."

शेगडी बसवायला बडनेऱ्याचे शेषराव आले. गाडीभर हिंडून ते नेमके खिडकीखाली थांबले. "सिलिंडरची पेटी इथंच घ्या लागते, बाई."

"काहून? दुसरीकडे नाही का होत?"

"तिकडं बॅटरी हाये, तिच्याजवळ गॅस नाई ठेवत. गॅस हवेपेक्षा जड रायते. गळला का खाली जाऊन बसते. म्हणून पेटी आतून पूर्ण बंद, दार बाहेरून, अन् तिच्या बुडाले भोक."

वसंतरावांनी हे सगळं आधीच वाचून ठेवलं होतं. "सुरक्षिततेचा प्रश्न आहे, शैला."

खिडकीपाशची जागा गेली. शेषरावांनी सिलिंडर उभा पट्ट्यांनी आवळला, पाइप जागोजागी क्लिपांनी घट्ट केला, शेगडीजवळ गॅस बंद करायची चावी दिली, खाली जमिनीलगत गॅस बाहेर जायला जाळी आणि गॅस गळला की ओरडणारं यंत्र बसवलं. प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून पाहिला. एकही बुडबुडा आला नाही. काम चोख होतं.

पहिली चक्कर परतवाड्याच्या रस्त्यानं निघाली. पुढं ड्रायव्हरची जागा आणि मागं घर, मधे प्लायची भिंत. शैलाताई मागं पलंगावर बसून हेलकावे खात होत्या. वसंतराव पुढून काहीतरी दाखवत असावेत. त्यांचा नुसता आवाज यायचा.

एका संत्र्याच्या बागेशी गाडी थांबली. "मुक्कामाचं विचारून येतो, तू चहा टाक," म्हणत ते सरकतं दार बाहेरून उघडून गेले. शैलाताईंनी बाहेर जाऊन सिलिंडर उघडला, आत येऊन धुळीमुळे दार ओढून घेतलं, शेगडीजवळची गॅसची चावी उघडली आणि पातेल्यात पाणी घेतलं. लायटर उचलला, तोच पायाशी यंत्र किंचाळलं. पाठोपाठ वास आला.

लायटर त्यांनी अलगद खाली ठेवला. चावी बंद केली. पंख्याच्या बटणाकडे गेलेला हात मागे घेतला. खिडकीची काच सरकवली आणि दाराशी गेल्या. खटका ओढला, तो सैल होऊन हातात आला. दार जागचं हललं नाही. खिडकीतून जेमतेम डोकं बाहेर निघत होतं. फोन पुढं, भिंतीपलीकडे. त्यांनी हाका मारल्या, पण बागेत पाण्याचं इंजिन धडधडत होतं.

शेवटी खिडकीपाशीच, सिलिंडरच्या पेटीवर गुडघे टेकून, तोंड खिडकीबाहेर काढून त्या थांबल्या. वास हळूहळू ओसरला. भीतीही ओसरली. मग मात्र त्यांना रडू आलं, आणि ते काही केल्या थांबेना.

वसंतराव रुमालात संत्री घेऊन आले. बाहेरून दार सहज उघडलं. "काय झालं? दार लावून का बसलीस?"

दुसऱ्याच दिवशी शेषराव आले. हादऱ्यानं चावीच्या पुढचा, शेगडीजवळचा जोड सैल झाला होता. "मी तपासला होता, पण रस्त्यानं हलला, बाई," ते ओशाळून म्हणाले. त्यांनी नवी नळी घातली, दाराचा खटकाही बदलला.

"झालं! आता काही धोका नाही," वसंतराव म्हणाले.

"अहो, मी धोक्याबद्दल बोलतच नाहीये," शैलाताई म्हणाल्या. "मला त्या ओट्यापाशी राहायचं नाही. मी अकोल्याला आपल्या मैथिलीकडे उतरते. तुम्ही पुढं जा."

ते थक्क झाले. "अगं, हे सगळं तुझ्यासाठीच केलं ना मी?" ते खोटं बोलत नव्हते, हे शैलाताईंना ठाऊक होतं. तरी त्यांनी आपली पिशवी भरायला घेतली.

त्या खरंच अकोल्याला उतरल्या. लेकीला आनंद झाला. "आई, बरं झालं आलीस! स्वयंपाकवाली बाई सोडून गेलीये," म्हणत मैथिली ऑफिसला पळाली. दुपारी वसंतरावांचा फोन आला. खिचडी खाली लागली होती. पाणी किती घालायचं, ते विचारत होते.

शैलाताईंनी सांगितलं, आणि नातवंडांच्या उद्याच्या डब्यासाठी भेंडी चिरायला घेतली.